कार्मेनआईची पालखी

आता जे सांगतो ते तुमच्यातला एकही जण खरं मानणार नाही, आणि एका अर्थी तेच बरं. मानलंत तर उद्यापासून माझ्याकडे बघायची तुमची नजर बदलेल. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका अख्ख्या गावाची मी दातखीळ बसवली होती. बँडवाल्यांसकट.

"अण्णा, मुळात तुम्ही स्पेनला गेला होतात का?" तुळशीरामने विचारलं. हा आमचा शेजारी. पोस्टातून निवृत्त झाला, पण शिक्का मारल्याशिवाय काही पुढे सोडायचं नाही ही खोड काही निवृत्त झाली नाही.

"पासपोर्ट दाखवू?"

"दाखवा."

"कपाटात आहे. शालन, किल्ली कुठं आहे गं?"

माझी बायको पायरीवर बसून भिजवलेले वाल सोलत होती. तिने मान वर केली नाही. "गेले होते," ती म्हणाली. "मीही होते. सांगा पुढे."

तर त्या वर्षी आमची केतकी काडीझला होती. समुद्रातल्या शेवाळाचा अभ्यास. मी जन्म काढला रेवदंड्याच्या बर्फाच्या कारखान्यात. शेवाळ बघायला विमानात बसून जावं लागतं हे मला काही पटलेलं नव्हतं. आपल्या जेट्टीवर पाय घसरून माणसं पडतात इतकं आहे. पण ती गेली, आणि वर्षभराने शेवाळ राहिलं बाजूला, फोनवर म्हणाली, "बाबा, एक मुलगा आहे."

हाविएर त्याचं नाव. बापाबरोबर मासेमारीच्या बोटीवर जाणारा. पोरगी एवढी शिकली आणि पसंत केला मच्छीमार, म्हणून शालनला अन्न गोड लागेना. मी म्हटलं, अगं, समुद्रावरचा माणूस आहे, निदान खारट तरी असेल.

"लग्न कधी करताय?" मी केतकीला विचारलं.

"त्याचे वडील हो म्हणाले तर."

"आणि नाही म्हणाले तर?"

तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "हाविएरची आई गेली तेव्हापासून बापलेकांना एकमेकांशिवाय कोणी नाही, बाबा. तो त्यांचा शब्द मोडणार नाही. आणि मोड असं मी त्याला सांगणार नाही. त्यांना वाटतं, ही लांबची, हिचा देव वेगळा, उद्या आपल्या पोराला घेऊन निघून जाईल. तुम्ही दोघं या. जुलैत त्यांच्या गावच्या देवीचा सण असतो, त्या दिवशी त्यांनी तुम्हाला बोलावलंय. तुम्हाला बघून काय ते ठरवतील."

म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा बघण्याचा कार्यक्रम होता आणि त्यात दाखवायला मला नेणार होते.

केतकीने मुद्दाम आधी बोलावून घेतलं आणि लहानशा गाडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवत नेलं. काय तो किनारा. काडीझ म्हणजे समुद्रात पाय सोडून बसलेलं गाव. तिथल्या म्हाताऱ्या बायका खुर्च्या घेऊन पुळणीवर येतात आणि लाटेबरोबर खुर्ची मागे-पुढे सरकवत गप्पा मारतात. पुढे तारिफा. तिथे वारा असा की मी टोपी घातली ती आफ्रिकेत गेली. समोरच दिसतो तो खंड, हात लांब केला तर लागेल. मी बघत होतो, पलीकडच्या किनाऱ्यावर एका माणसाने उचलली आणि घातली.

"अण्णा," तुळशीराम म्हणाला.

"बरं, घातली नाही. उचलली."

मालागाला पुळणीवर एक जुनी होडी वाळूने भरून ठेवलेली, तिच्यात लाकडाचा जाळ, आणि बाजूला वेताच्या काडीत तारलीचे मासे ओवून तिरके रोवलेले. आपल्याकडच्या तारल्याच, नुसतं मीठ लावलेल्या. शालनने एक खाल्ली, मग गप्पपणे दुसरी, आणि म्हणाली, "मीठ बरोबर आहे." तेव्हा मला कळलं की स्पेन पास झाला. आता आम्ही पास व्हायचे राहिलो होतो.

त्यासाठीच प्रत्येक गावात केतकी मला शिकवत होती. नेरहाला समुद्रावर पुढे आलेला एक सज्जा आहे, जग तिथे फोटो काढायला येतं, तिथे ती मला म्हणते, "बाबा, तिकडे गोष्टी सांगायच्या नाहीत." पुढे अल्मेरियाच्या बाजूला डोंगराच्या पायथ्यापर्यंत नुसतं पांढरं प्लास्टिक, त्याच्याखाली भाजीचे मळे, तिथे म्हणते, "विचारलं तेवढंच बोलायचं. हाविएरचे वडील, रामोनकाका, थट्टा करत नाहीत."

"म्हणजे कसा माणूस आहे?"

"हाविएरची आई गेल्यावर शेजाऱ्याने तिची रिकामी खुर्ची उचलून नेली, तरी त्यांनी ती परत आणून तिच्या जागी ठेवली. तसे."

मग मी गाडीत गप्प बसलो. शालनने दोनदा वळून बघितलं, मला बरं वाटतंय ना म्हणून.

तोर्रेमार हे त्या गावाचं नाव. तुम्हाला नकाशावर सापडणार नाही, डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये बोटं घालून फट केली तर दिसेल. पांढरी घरं, निळी दारं, बंदरात रंगीत होड्या आणि आपल्यासारखाच वास. वास आला तसा मी जरा सैल झालो.

रामोन दारात उभा होता. आडवा-तिडवा बांधा, भुवया दाट, आणि तोंडावर काही नाही. म्हणजे राग नाही, हसू नाही. ओहोटीची पुळण असते तसा चेहरा. त्याने माझा हात हातात घेतला, उलटा करून तळवा बघितला. बर्फाच्या लाद्या ओढून माझी बोटं कशी झालीत ते तुम्ही बघताच. त्याने बघितली, आणि हात सोडून दिला. पास की नापास, काही कळायला मार्ग नाही.

जेवताना तो केतकीला काहीतरी म्हणाला. केतकीने मराठी करून मला विचारलं, "ते विचारतायत, तुमच्या देवांना समुद्र माहीत आहे का?"

आता हा प्रश्न मला विचारावा? मी म्हटलं, "सांग त्यांना, दरवर्षी भेट असते. आमच्या आळीचा गणपती पाण्यात नेण्याचा मान माझा आहे. माझ्या बापाचा होता, आता माझा."

केतकीने सांगितलं. काय शब्दांत सांगितलं मला माहीत नाही, पण रामोनने चमचा खाली ठेवला. पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग हाविएरशी बोलला, हाविएर केतकीशी, आणि केतकीचा चेहरा एकदम उजळला.

"बाबा, त्यांची देवी म्हणजे कार्मेन. दर्यावर्दी लोकांची आई. आज संध्याकाळी तिची पालखी समुद्रात नेतात. खांदा देणाऱ्यांतल्या एकाची कंबर धरलीय. ते म्हणतायत, तुम्ही समोरच्या बाजूला त्यांच्याशेजारी खांदा द्याल का? बाबा, हा मान ते गावातल्यालासुद्धा देत नाहीत."

"देईन म्हणजे? हेच तर काम माझं."

"फक्त त्यांच्या पावलाला पाऊल लावून चाला."

"केतकी, तू मला पालखी शिकवू नकोस."

आणि खरोखर, तुळशीराम, मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं. वाटलं, कसली लांबची माणसं आणि कसला वेगळा देव. घरात देव आणायचा, लाड करायचे, आणि वाजतगाजत समुद्रात पोचवायचा. हे लोक तर आपलेच निघाले.

संध्याकाळ म्हणजे तिकडे जुलैत सूर्य घरी जायचं नावच घेत नाही. देवळातून पालखी निघाली. पांढरे सदरे घातलेले आम्ही खांदेकरी, पुढे बँड, आणि वर कार्मेनआई. लाकडाची मूर्ती, पण काय चेहरा. कडेवर बाळ, तपकिरी झगा, पांढरी ओढणी, डोक्यावर चांदीचा मुकुट. सज्ज्यांमधून बायका फुलांच्या पाकळ्या टाकत होत्या. कोणीतरी मधूनच मोठ्याने जयजयकार करायचा आणि सगळे ओ द्यायचे. ओ कशी द्यायची ते मला कोणी शिकवावं लागलं नाही.

पालखी जड होती. पण माझ्या शेजारी रामोन, आणि त्याचं पाऊल नि माझं पाऊल एकदा जमलं ते जमलं. वाटेत एकदा त्याने माझ्याकडे न बघता मान हलवली. म्हणजे, ठीक. मी मनात केतकीच्या लग्नाचे पेढे वाटायला घेतले.

पुळणीवर आलो. सगळं गाव काठाला. एक म्हातारी गुडघाभर पाण्यात उभी राहून मूर्तीकडे बघत ढसाढसा रडत होती. मला खात्रीच पटली. आपल्याकडे अनंत चतुर्दशीला बायका अशाच रडतात, दहा दिवसांचा लळा लागलेला असतो.

आम्ही पाण्यात शिरलो. गुडघा, मांडी, कंबर. समोरून सजवलेली एक होडी हळूहळू येत होती. मला वाटलं, बघायला येणाऱ्यांची असेल. छातीला पाणी लागलं तसं सगळे थांबले.

थांबले, म्हणजे वेळ आली.

आता माझ्या डोक्यात एकच शंका होती. आपली मूर्ती शाडूची, पाण्यात सोडली की आपण होऊन विरघळते. ही लाकडाची. लाकूड तरंगणार. म्हणजे खाली दाबावी लागणार, आणि चांगला जोर लावून. ही माणसं थांबलीत ती बहुधा त्याचसाठी, मी म्हटलं, नवीन माणसाला मान देतायत. मी डोळे मिटले, पोटातून आवाज काढला, "गणपती बाप्पा", आणि गुडघे वाकवून खांदा पाण्याखाली घातला.

माझा कोपरा खाली गेला. रामोनच्या पायाखालची वाळू सटकली. मागच्यांना काय होतंय ते कळायच्या आत पालखीने पुढच्या बाजूला मुसंडी मारली, आणि कार्मेनआई बाळासकट, ओढणीसकट, मुकुटासकट पाण्याखाली गेली.

"मोरया," मी म्हटलं.

मागच्यांनी जीव खाऊन वर उचललं. तसं मला वाटलं, अरे वा, हे दुसऱ्या बुडीला तयार आहेत. आणि मी दुसरी दिली. हिच्या वेळी मी मुकुटावर हातसुद्धा ठेवला, कारण तो वर राहत होता.

"पुढच्या वर्षी लवकर या," मी म्हटलं, आणि डोळे उघडले.

काय सांगू तुम्हाला. बँड थांबला होता. एका वाजवणाऱ्याच्या ओठांना पितळी भोंगा तसाच लागलेला, गाल फुगलेले, आवाज नाही. काठावरचं सगळं गाव तोंड उघडं टाकून उभं. रडणारी म्हातारी रडायची थांबली होती. समुद्र, खरं सांगतो, समुद्रसुद्धा लाट अर्धी उचलून थांबला होता.

"समुद्र थांबला?" नलूवहिनी म्हणाल्या. तुळशीरामची बायको; त्या वाल सोलू लागायला आल्या होत्या.

"वहिनी, मी छातीभर पाण्यात होतो. मला कळणार नाही?"

आणि त्या शांततेत काठावरून केतकीचा आवाज आला. ओरडली नाही ती. सांगावं तसं सांगितलं, पण पाण्यावरून लख्ख ऐकू आलं.

"बाबा, तिला होडीतून फिरवून परत देवळात न्यायचं असतं."

परत.

हा शब्द माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. समुद्रावरून देव परत आणायचा, असं मी जन्मात ऐकलेलं नव्हतं. मी वर बघितलं. मागच्यांनी पालखी सावरून धरली होती. मुकुट कानावर आलेला, ओढणी चेहऱ्याला चिकटलेली, आणि तिच्या डोळ्यांचा जुना रंग पाण्याने सुटून दोन निळे ओघळ गालावर उतरत होते. बाळाच्या हातात शेवाळ अडकलं होतं. ज्या मूर्तीला गावातल्या कोणी थेंबसुद्धा लागू दिला नव्हता, जिच्यावर पाऊस आला तर माणसं स्वतःचे कोट काढून धरत, ती मी दोनदा बुचकळली होती.

होडीवाल्यांनी तिला उचलून घेतलं. एकेक खांदेकरी माझ्यापासून लांब सरकला, आणि पाण्यात आम्ही दोघंच राहिलो. रामोन आणि मी.

त्याचा चेहरा तुम्हाला सांगितला तो, ओहोटीच्या पुळणीसारखा. आता त्याच्यावर काहीतरी होतं, आणि ते मला बघवेना. हाविएर काठावर. त्याने केतकीचा हात सोडलेला मी बघितला. तिच्याकडे बघत नव्हता तो, बापाकडे बघत होता. केतकी कपड्यांनिशी पाण्यात शिरली आणि आमच्याकडे यायला लागली, आणि मला वाटलं, झालं. हिचं लग्न मी माझ्या हाताने मोडलं. हिने सगळ्या वाटेवर एकच सांगितलं होतं, आणि मी ह्या खांद्याने, ह्या गुडघ्यांनी...

"मग?" तुळशीराम म्हणाला. तो खुर्चीच्या कडेवर आला होता.

मग काय. असल्या वेळी माणसाने घाबरायचं नसतं. मी ताठ उभा राहिलो. रामोनने एकच शब्द विचारला, केतकीने तो मला सांगितला: "का?"

मी म्हटलं, "केतकी, मी बोलतो तसं शब्दाला शब्द सांग." आणि मी बोललो. म्हटलं, व्याहीबुवा, आमच्याकडे देव कायमचा राहत नाही. आम्ही त्याला घरी आणतो, जवळचं सगळं त्याला देतो, त्याच्यासमोर रात्र जागवतो, आणि जास्तीत जास्त जीव जडला की त्याच दिवशी पाण्यात नेऊन सोडतो. घरी येतो तेव्हा पाट रिकामा असतो. पोरं विचारतात, बाप्पा कुठं गेला? आम्ही सांगतो, त्याच्या आईकडे. हे आम्ही वैऱ्याला करत नाही. जिवाभावाच्याला करतो. तुमची आई मी आमची समजलो, म्हणून ही चूक झाली.

मी बोलत होतो आणि काठावर एकेक बाई डोळ्यांना पदर, म्हणजे तिकडे पदर नसतो, हातरुमाल लावत होती. पाद्रीबुवांनी चष्मा पुसला. रामोन ऐकत राहिला. मग म्हणाला, आणि हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही, म्हणाला, "जो माणूस दरवर्षी आपला देव देऊन टाकू शकतो, त्याच्या हातून मुलगी घ्यायला मला भीती नाही."

आणि सगळ्या गावासमोर, छातीभर पाण्यात, त्याने पुढे होऊन मला कडकडून मिठी मारली. अशी मारली की माझ्या बरगड्यांचा आवाज काठावर ऐकू गेला असेल. बँड वाजायला लागला. होडीतल्या कार्मेनआईच्या पायाशी तारल्या उड्या मारून येऊन पडू लागल्या, इतक्या की होडी...

"भाषण केतकीने केलं, तेही रात्री घरी गेल्यावर," शालन म्हणाली. "त्या वेळी तर तुम्ही पाण्याखाली होतात."



"पाण्याखाली?" तुळशीराम तिच्याकडे वळला. "म्हणजे, वहिनी?"

"व्याह्यांचे पाय धरायला गेले. छातीभर पाण्यात कोणाचे पाय धरायचे म्हणजे आत जावं लागतं, एवढंही भान नव्हतं. ते बिचारे समजले, माणूस बुडतोय. काखेत हात घालून वर ओढलं. हे पुन्हा आत. त्यांनी पुन्हा ओढलं. शेवटी सोडायला घाबरले, तसेच छातीशी आवळून उभे राहिले. ती मिठी."

"शालन," मी म्हटलं.

"आणि अण्णा काही बोलले नाहीत?" नलूवहिनींनी विचारलं.

"मला काठावरून काय ऐकू येणार? नंतर केतकी म्हणाली, आई, आत असले की नुसते बुडबुडे, आणि वर आले की एकच. पोरीला पदरात घ्या, पोरीला पदरात घ्या. केतकीला म्हणे ते त्यांच्या भाषेत सांगताच येईना, रडायलाच लागली. आणि हे थांबेचनात. तेव्हा व्याह्यांनी ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत हो, हो, हो म्हणायला सुरुवात केली." शालनने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "काय मागताय ते कळलंसुद्धा नव्हतं हो त्यांना तेव्हा."